तीन महिन्यांच्या मुलीला अंगावरचं दूध पुरतंय का, हे कसं ओळखायचं?

ताई, जन्मवजन २ किलो ७००, आता तीन महिने पूर्ण आणि वजन ५ किलो, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ९० दिवसांत २ किलो ३०० ग्रॅम, दिवसाला साधारण २५. या वयात २० ते ३० पडले की आम्ही बिनघोर पुढच्या बाळाला काट्यावर घेतो. दूध पुरतंय. वरचं चालू करू नका.

मी १९ वर्षं अंगणवाडी सेविका आहे. "दूध पुरत नाही" याला पुरावा बहुतेक घरांत एकच असतो, बाळ रडतं. पण बाळ गरम होतंय म्हणूनही रडतं आणि नुसतं कडेवर घ्या म्हणूनही. त्यापेक्षा लंगोट मोजा. दिवसरात्रीत सहा-सात ओले होत असतील तर दूध पोटात जातंय. (पाणी पाजत असाल तर हा हिशोब बाद.)

शेजारचं बाळ गुटगुटीत आहे म्हणता, असू दे. तुमच्या कार्डावरचा वजनाचा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली आणला, सहा देशांतल्या अंगावर पिणाऱ्या बाळांवरून, त्यात आपली दिल्लीही होती. तीन महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन त्यात ५.८ किलो आहे, आणि ४.५ च्या खाली गेली तर कमी वजनाची. तुमची जन्मतःच मधल्या रेषेच्या थोडी खाली होती, अजून तशीच स्वतःच्या रेषेने वर चाललीय. मला धास्ती वाटते ती रेष आडवी झाली की.

अशी एक आडवी रेष अजून डोळ्यांसमोर आहे. दोन महिन्यांचं बाळ, तीन आठवडे काटा ३ किलो ८०० वरून हलेना. घरी गेले तर आजी पाजायच्या आधी गुटी चाटवायच्या, वर दोन-तीन चमचे कोमट पाणी, उन्हाळ्यात घसा सुकतो म्हणून. मायेपोटीच, पण एवढ्याशा पोटात दुधाची जागा पाण्याने घेतली. अंगावरच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. मग आईला म्हटलं, माझ्यासमोर पाज. बाळ नुसतं निप्पल चोखत होतं, गाल आत गेलेले, चुटुक चुटुक आवाज. त्याचं पोट आईच्या पोटाला टेकवलं, तोंड मोठं उघडल्यावर भोवतीचा काळा भागही आत दिला, हनुवटी छातीला. दोन मिनिटांत गिळल्याचा आवाज यायला लागला. गुटी-पाणी बंद. पुढच्या आठवड्यात १९० ग्रॅम!

वरचं दिलं की बाळ कमी ओढतं, आणि कमी ओढलं की दूध कमी बनतं. मग "दूध पुरत नाही" म्हणणाऱ्या सासूबाई खऱ्या ठरतात. त्यांच्याशी वाद नको, अळिवाची खीर करायला सांगा आणि ती तुम्ही खा. रात्रीचं पाजणं चुकवू नका.

ड जीवनसत्त्वाचे थेंब आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं चालतात. लघवी कमी झाली, बाळ सुस्त पडलं, ओढेनासं झालं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि कुणा बाळाला डॉक्टरांनीच वरचं सांगितलं असेल, तर त्या आईने अपराधी वाटून घेऊ नये. सहा महिने पूर्ण झाले की मऊ वरण-भात, तूप सुरू करा, अंगावर पाजणं सुरू ठेवून.

पुढचं वजन त्याच काट्यावर आणि झबलं-दुपटं काढून घ्या. दुपट्याचे दोनशे ग्रॅम मी पुष्कळदा बाळाच्या नावावर चढलेले पाहिलेत.