सडात सोडलेली ट्यूब का लागू पडत नाही? थोटकं, तंबाखू आणि निर्ढावलेले जंतू

प्रश्न (पलूस तालुका, जि. सांगली): आमच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईला तिसऱ्यांदा दगडी, म्हणजे कासेची सूज (कासदाह) झाली. सडात औषधाच्या ट्यूब सोडल्या, पण गुण नाही. डॉक्टर म्हणतात, जंतू औषधाला दाद देत नाहीत. मुलाने मोबाइलवर वाचलं की सिगारेटच्या थोटकांमुळे जंतू औषधाला निर्ढावतात. आमच्या गोठ्यात सिगारेट, तंबाखू दोन्ही चालतं. यात खरं किती? आणि मिरचीवरच्या किडीला तंबाखूचं पाणी मारू का?

उत्तर: दादा, मुलाने वाचलंय त्यात तथ्य आहे. पण दगडीचं खापर आधी थोटकांवर फोडू नका. गोठ्यांवर फिरताना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बघतो. दोन ट्यूबांत सूज उतरते, दूध साफ दिसतं, मग तिसरी ट्यूब फळीवर तशीच राहते आणि चार महिन्यांनी दुसऱ्याच गाईच्या सडात जाते. अर्धवट औषधाने कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात आणि पुढची वीण त्यांचीच होते. एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारलं की शेवटी न मरणारंच तण रानभर होतं, तसंच हे. सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

आता तंबाखूचा वाटा बघू. सिगारेटचं फिल्टर दिसायला कापूस, पण ते सेल्युलोज ॲसिटेट नावाचं प्लास्टिक असतं आणि वर्षानुवर्षं कुजत नाही. ओढताना धुरातलं निकोटीन, शिसं, आर्सेनिक, कॅडमियम त्यात अडकतं. कॅडमियम तर तंबाखूचं झाड जमिनीतून ओढून पानात साठवतं. असं थोटूक हौदात पडलं की हे सगळं पाण्यात उतरायला लागतं. अमेरिकेत सॅन दिएगोच्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं, की लिटरभर पाण्यात ओढलेल्या सिगारेटचं एक थोटूक टाकलं तर त्यातले निम्मे मासे चार दिवसांत मरतात. शेततळ्यात मासे सोडलेत त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

जंतूंचं मात्र उलट होतं. काही जीवाणूंच्या अंगात एक पंपच असतो म्हणा, आत शिरलेलं विष उपसून बाहेर टाकणारा. यातले काही पंप धातूही उपसतात आणि अँटिबायोटिकही. शिवाय धातू सोसण्याचा गुण आणि औषध पचवण्याचा गुण पुष्कळदा एकाच छोट्या जनुकीय कडीवर असतो. ही कडी एक जीवाणू शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जीवाणूलाही देऊ शकतो. म्हणून धातू असलेल्या चिखलात औषधाचा थेंब पडला नाही तरी औषध सोसणारे जंतू टिकतात. औषध काळाने विरतं, धातू विरत नाही. थोटकांबद्दल माझी खरी काळजी ही आहे.

धुराचीही एक गोष्ट आहे. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात २०१९ साली स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूला सिगारेटच्या धुरात ठेवून पाहिलं. काही वाणांची जनुकं धुराने दुखावली, ती दुरुस्त करताना चुका वाढल्या आणि त्या चुकांतून रिफाम्पिसिन या औषधाला न जुमानणारे जंतू निपजले. ते वाण माणसातले होते. पण हाच जंतू गाईच्या दगडीच्या मुख्य कारणांपैकी एक आहे, आणि कित्येक माणसांच्या नाकात, कातडीवर तो एरवीही राहतो.

म्हणून धार काढणाऱ्याचा हात बघा. डाव्या तळव्यावर तंबाखू-चुना, उजव्या अंगठ्याने मळायचं, चिमूट ओठात, आणि तीच ओली बोटं सडाला. साबणाने हात धुतल्याशिवाय कासेला हात लावायचा नाही, एवढा नियम घरात करा. धार झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि गाईला अर्धा तास बसू देऊ नका, वैरण टाका. बिडीला फिल्टर नसतं, पान कुजतं, पण टोकाची तंबाखू तीच. माव्याचा कागद, पुड्या, थोटकं यांसाठी गोठ्याबाहेर झाकणाचा डबा ठेवा. यातलं काहीही उकिरड्यात नको, कारण तेच पुढे शेणखतातून रानात जातं.

उपचार चालू असलेल्या गाईचं दूध वासराला पाजू नका. थोड्या थोड्या औषधाने त्याच्या पोटातले जंतू निर्ढावतात. तिचं शेणही ताजं रानात टाकू नका. ढीग लावून, वरखाली करून, आतून चांगला तापू द्या. अशा कुजवण्याने औषधाचे अंश बरेच कमी होतात.

मिरचीवर तंबाखूचं पाणी नको. मावा ही कीड त्याने मरते हे खरं, पण निकोटीन फवारणाऱ्याच्या कातडीतून अंगात जातं आणि मधमाश्याही मारतं. निकोटीन सल्फेट हे कीटकनाशक देशात वापरायला १९९२ पासूनच बंदी आहे. पाच टक्के निंबोळी अर्क फवारा, पिवळे चिकट सापळे लावा. बोकड्या (पानं आकसून मुरडणं) असेल तर तो विषाणूचाही असू शकतो, त्यावर कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही. तंबाखूचा मोझॅक विषाणू तर मळणाऱ्याच्या बोटांवरून थेट रोपावर जातो, तेव्हा रोपं लावतानाही हात धुवा. आटपाडी-जतच्या डाळिंबवाल्यांनाही हेच सांगतो: स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनच्या मिश्रणाचा शेतीतला वापर १ जानेवारी २०२४ पासून बंद आहे. तेल्यासाठी (जीवाणूंमुळे डाळिंबावर पडणारे तेलकट डाग) जुनी पुडी घरात असली तरी वापरू नका.

गाईला पुढची ट्यूब सोडण्याआधी दूध तपासून घ्या. सड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात सोडा, मग दवाखान्यातून आणलेल्या निर्जंतुक बाटलीत दूध घ्या आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. जंतू कुठला आणि त्याला कुठलं औषध चालतं, हे प्रयोगशाळा सांगेल. अहवाल येईपर्यंत त्या गाईचं दूध डेअरीला घालू नका.