गॅसची गाडी आणि थंडीतली मंद आच

प्रश्न : गावात गॅसची गाडी आठवड्यातून एकदाच येते आणि नेमके तेव्हा आम्ही कापूस वेचायला शेतात असतो. घरी एकटी आजी. सिलिंडर घेताना तिनं काय पाहावं? थंडीत आच मंदावते, तेव्हा सिलिंडर गरम पाण्यात ठेवला तर चालेल का?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : मोबाईलवर आलेला डिलिव्हरीचा कोड कागदावर लिहून आजींजवळ ठेवा, नाहीतर गाडी तशीच परत जाते. सिलिंडरवर सील शाबूत हवं. वरच्या कड्याखालच्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं. ते 15.8 किलो असेल, तर भरलेला 30 किलो भरायला हवा, कारण आत 14.2 किलो गॅस असतो. वजन करून मागणं हा तुमचा हक्क आहे, त्यात संकोच नको. पट्टीवरच तपासणीची मुदत असते: ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत, पुढे वर्ष. मुदत उलटली असेल तर घेऊ नका.

गाडीवाला निघण्याआधी टोपण काढून तोंडातलं रबरी वॉशर पाहायला सांगा. ते नसलं किंवा चिरलेलं असलं की रेग्युलेटर बसवताच गॅस सुटतो. जोडणीवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून कधीही पाहू नका.

सिलिंडर गरम पाण्यात ठेवू नका, चुलीजवळही नको. या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. प्रोपेन आधी निघून जातो. ब्युटेन साधारण शून्य अंशालाच उकळतो, म्हणून पहाटेच्या थंडीत त्याची वाफ हळू होते. सिलिंडर संपत आला की हे जास्त जाणवतं. दोन्ही बर्नर एकदम चालवले तर सिलिंडर आणखी थंड पडतो. तेव्हा एकच बर्नर लावा, आंघोळीचं पाणी पऱ्हाटीवर तापवा. त्याआधी बर्नरची छिद्रं मात्र साफ करून पाहा, बरेचदा आच तिथंच अडलेली असते.

आपल्याकडे शेगडी जमिनीवर ठेवायची पद्धत आहे, ती बदलाच. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. शेगडी ओट्यावर, सिलिंडर खाली, उभाच. नळीवर छापलेली मुदत संपली असेल तर ती आजच बदला. वास आला तर विजेचं बटण दाबू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, बाहेर येऊन 1906 ला फोन करा.