पंप बदलून मिळेल, पण इंजिनाचं काय?

प्रश्न : मी नागपुरात मानेवाड्याला राहतो, नोकरी बुटीबोरीला. फेब्रुवारीत दुकानातून गाडीचा नवा वॉटर पंप घेतला आणि नेहमीच्या मेकॅनिककडून बसवून घेतला. डब्यावर सहा महिन्यांची वॉरंटी होती. मे महिन्यात वर्धा रोडवर गाडी गरम झाली, हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) उडालं. दुकानदार म्हणतो, "जुना पंप द्या, नवा घेऊन जा, इंजिनाचं आम्ही काही देत नाही. तुमचं फिटिंगच चुकलं असेल." काय करावं?

उत्तर : सर्वांत आधी, जुना पंप दुकानदाराला देऊ नका. नवा पंप काही शेकड्यांचा किंवा हजारांचा. इंजिनाच्या खर्चाचा एकमेव पुरावा मात्र तो जुना पंपच आहे. बदलीशिवाय गत्यंतर नसेल, तर आधी फोटो, व्हिडिओ आणि दुकानदाराची सही असलेली पोच.

मेकॅनिकला पंप उजेडात धरून दाखवायला सांगा. पंपाच्या अंगावर एक बारीक छिद्र असतं. आतलं सील गेलं की कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) तिथून बाहेर येतं आणि वाळून डाग पडतो. डाग तिथे असेल, तर दोष पंपातला म्हणता येतो. गळती पंप बसवतात त्या गॅस्केटपाशी असेल, तर संशय फिटिंगवर जातो आणि दुकानदाराचं म्हणणं खरं ठरू शकतं. मेकॅनिक जुना ओळखीचा आहे म्हणून हे पाहणं टाळू नका.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये वस्तूच्या दोषामुळे दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई उत्पादकाकडे मागता येते. तुमचं इंजिन ही पंपापेक्षा वेगळी मालमत्ता. पण वॉरंटीच्या अटी मोडल्यामुळे झालेलं मालमत्तेचं नुकसान कायद्याने अशा नुकसानीच्या व्याख्येतून वगळलंय. म्हणून तक्रारीत "वॉरंटी पाळली नाही" एवढंच लिहून थांबू नका. "पंपात उत्पादनदोष होता, त्यामुळे इंजिन बिघडलं" हे स्वतंत्रपणे मांडा. बरेच जण इथेच फसतात. उत्पादक कंपनी आणि दुकानदार, दोघांनाही पक्षकार करा. पक्कं बिल दिलं नसेल, तर तेही लिहा. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

एक गोष्ट मात्र खरीखुरी सांगा : तापमानाचा काटा लाल खुणेवर गेल्यावर गाडी लगेच थांबवलीत का? तशीच पुढे रेटली असेल, तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल आणि भरपाई कमी होईल.

आधी स्पीड पोस्टाने नोटीस द्या, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा. नाही जमलं, तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही इथे राहता, तेवढं अधिकारक्षेत्राला पुरे. मोबदला, म्हणजे पंपासाठी तुम्ही मोजलेली किंमत, पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पंप तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी करता येते, पण तिचा खर्च आधी तुम्हालाच भरावा लागेल. मुदत दोन वर्षांची आहे, तरी इंजिनाचं हेड उघडायच्या आधी फोटो काढायला विसरू नका. दुरुस्ती झाली की इंजिनाची ती अवस्था पुन्हा दाखवता येणार नाही.