होम थिएटरमधून सतत 'हुम्म' येतो, महागडी केबल घेतली तर जाईल का?

नाही जाणार. दुकानदार जाईल म्हणेल, त्याला त्याचं घर चालवायचंय.

तुम्ही लिहिलंय की सिनेमा थांबवला तरी हुम्म चालूच, आवाज कमी-जास्त केला तरी तो तेवढाच, आणि 'बहुतेक डिशचा बॉक्स जोडल्यापासून' हे सुरू झालं. हे शेवटचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मेख तिथंच आहे. डिशची वायर बॉक्सच्या मागून काढा आणि ऐका. हुम्म गेला तर अर्थिंगचं वेटोळं (ग्राउंड लूप) झालंय. सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, एका बाजूनं भिंतीतल्या तीन पिनच्या अर्थिंगला आणि दुसऱ्या बाजूनं, अॅम्प्लिफायर, टीव्ही आणि डिशच्या वायरवाटे, गच्चीवरच्या लोखंडी खांबाला जोडला गेलाय. दोन्हीकडचं व्होल्टेज सारखं नसलं की फरकाचा करंट सबवूफरच्या केबलच्या बाहेरच्या जाळीतून वाहतो. सिग्नलची परतीची वाटही तीच जाळी, म्हणून २३० व्होल्टच्या लाइनचे ५० हर्ट्झ गाण्यात मिसळतात. वायर सोन्याची आणली तरी हेच होणार.

हे मला दीड वर्ष खपून कळलं. सोलापुरात अशोक चौकाच्या मागं आमचं घर आहे. शेजारी अजून यंत्रमाग चालतात, त्यामुळं जो तो मागांवर बिल फाडायचा. साडू पुण्याहून आले, तेही 'मोटारींचा त्रास' म्हणाले आणि बारा हजारांचा पॉवर कंडिशनर (वीज गाळून देणारा डबा) घे म्हणाले. मागांना सुट्टी होती त्या दिवशी मी मुद्दाम अॅम्प्लिफायर लावून बसलो. हुम्म जसाच्या तसा. आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. तो मार्चमध्ये वाढायचा आणि मृगाचे दोन पाऊस झाले की निम्म्यावर यायचा. माग काय पावसाळ्यात बंद असतात?

ज्या दुकानातून सिस्टीम घेतली तिथला पोरगा आला आणि सबवूफरच्या प्लगची वरची जाड पिन कापून गेला. दोन मिनिटांत शांतता. आठ दिवस मी खूश. नवव्या दिवशी बायको फरशी पुसून ओल्या पायांनी सबवूफरची मागची पत्र्याची बाजू पुसायला गेली आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. ती पिन असल्या गळतीला वाट देण्यासाठीच असते, हे मोटारी वाइंडिंग करणाऱ्या माणसाच्या मुलाला, म्हणजे मला, कळायला नको?

मग व्होल्टेज मोजायचा मीटर काढला. भिंतीतल्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ३८ व्होल्ट! दोन-तीनच्या वर असायला नकोत. म्हणजे घराचं अर्थिंग नावालाच.

आता अर्थिंगचा खड्डा कुठं आहे ते ऐका. वडिलांनी घर बांधताना अंगणात आठ फुटी पाइप पुरून त्याभोवती कोळसा-मीठ भरलं होतं. सोलापूरची जमीन म्हणजे वर वाळकी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण, आणि उन्हाळा ४३-४४ अंशांचा. ओल गेली की अर्थिंगही गेलं. म्हणून वडील होळीपासून पाऊस पडेपर्यंत रोज अंघोळीनंतर एक बादली त्या पाइपात ओतायचे. आम्ही हसायचो. वाटण्या झाल्या तेव्हा अंगण दादाकडं गेलं आणि त्यानं गाडीसाठी पार्किंगच्या टाइल्स घातल्या, खड्ड्यासकट. विजेचे मीटर दोघांचे दोन, अर्थिंग मात्र एकच. मी त्या वेळीच म्हटलं होतं, झाकण ठेव. "तुझ्या त्या डब्यासाठी माझी फरशी फोडू व्हय?" हे त्याचं उत्तर.

तो दोन दिवस अक्कलकोटला गेला असताना पुतण्याला हाताशी धरून मी टाइल्सच्या सांध्यातून ड्रिलनं भोक पाडलं आणि नळीनं तासभर थेंब थेंब पाणी सोडलं. उजनीचं पाणी आमच्याकडं तेव्हा चार-पाच दिवसांनी यायचं, त्यातलं दिलं बघा. संध्याकाळी ३८ चे ६ झाले. हुम्म निम्म्याच्याही खाली आला. प्लग नवा घातला, तीन पिनचा. वहिनींना आता वॉशिंग मशीनचा चटका बसत नाही, पण तो कशानं गेला हे दादा अजून मान्य करत नाही.

उरलेला हुम्म सबवूफरच्या केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घालून घालवला. छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, काही शे रुपयांत मिळतो. फार स्वस्त घेतलात तर खालचा खर्ज खातो. केबल टीव्हीवाले वायरीत जो आयसोलेटर घालतात तो डिशला चालत नाही, कारण त्याच वायरीतून छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) १३ किंवा १८ व्होल्ट जातात आणि तो ते अडवतो. त्याआधी फुकटचा उपाय करा. टीव्ही, अॅम्प्लिफायर, सबवूफर सगळं एकाच पट्टीवर घ्या. सबवूफर बहुधा कोपऱ्यातल्या दुसऱ्या सॉकेटवर असतो, तो इकडं आणला की बऱ्याच घरांत तेवढ्यानंच भागतं.

टीव्हीतून ऑप्टिकल वायर घेतलीत तरी चालेल, ती आवाज प्रकाशानं नेते, त्या जोडणीतून वीज जातच नाही. फक्त डॉल्बी ॲटमॉसचा, म्हणजे डोक्यावरूनही येणारा, आवाज तिच्यातून येणार नाही.

एक राहिलं. तुमचा आवाज 'हुम्म' नसून 'झर्र' असेल आणि पंख्याचा रेग्युलेटर फिरवला की बदलत असेल, तर वरचं सगळं विसरा. तो रेग्युलेटरचा किंवा स्वस्त इन्व्हर्टरचा दोष. आणि डिश काढूनही आणि सगळं एकाच पट्टीवर घेऊनही हुम्म राहिला तर अॅम्प्लिफायरच्या आतले कपॅसिटर दाखवून घ्या. मीटर वापरायची सवय नसेल तर सॉकेटमध्ये स्वतः हात घालू नका, लायसन्सवाला वायरमन बोलवा आणि आधी खड्डा कुठं आहे ते विचारा. त्यावर कोणी टाइल्स घातल्या असतील तर भांडण आत्ताच उरका, एप्रिलमध्ये नको.