शंका-समाधान : पुस्तक, टेबल आणि चुकीची जोडी

प्रश्न : टेबलावर पुस्तक ठेवले आहे. त्याचे वजन खाली, टेबलाचा आधार वर. दोन्ही बले समान आणि विरुद्ध. मग न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली क्रिया-प्रतिक्रियेची जोडी हीच ना? तसे लिहिले तर गुण का कापले?

उत्तर : कापले ते बरोबरच. ही दोन बले संतुलित आहेत, पण जोडीतली नाहीत. दोन्ही पुस्तकावरच लागतात. क्रिया आणि प्रतिक्रिया मात्र कधीच एका वस्तूवर लागत नाहीत. ‘समान व विरुद्ध’ एवढे सगळ्यांचे पाठ असते, ‘वेगवेगळ्या वस्तूंवर’ हे तेवढे गळते.

जोडी शोधण्यासाठी बलाचे पूर्ण वाक्य लिहा आणि कर्ता-कर्माची अदलाबदल करा. ‘पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते’ याची जोडी ‘पुस्तक पृथ्वीला वर ओढते’. ‘टेबल पुस्तकाला वर ढकलते’ याची जोडी ‘पुस्तक टेबलाला खाली ढकलते’. नुसते ‘वजन’ किंवा ‘आधार’ लिहिले की दुसरी वस्तू शब्दाआड दडते आणि घोटाळा होतो. शिवाय जोडीतली बले एकाच जातीची असतात : गुरुत्वाची जोडी गुरुत्वाशी, स्पर्शाची स्पर्शाशी. वजन गुरुत्वाचे, आधार स्पर्शाचा; इथेच शंका यायला हवी.

आता आकडे घेऊ. पुस्तक ५०० ग्रॅमचे असेल तर वजन ०.५ × ९.८ (गुरुत्वत्वरण) = ४.९ न्यूटन, आणि स्थिर टेबलाचे बलही ४.९ न्यूटन. हेच टेबल लिफ्टमध्ये ठेवा आणि लिफ्टला वरच्या दिशेने २ मी/से वर्ग इतके त्वरण द्या. टेबलाचे बल ०.५ × (९.८ + २) = ५.९ न्यूटन होते, वजन मात्र ४.९ न्यूटनच राहते. संतुलन मोडले, १ न्यूटन वर उरले, आणि तेच पुस्तकाला त्वरण देते. पण पुस्तक टेबलाला किती बलाने दाबते? तेही ५.९ न्यूटन. संतुलन परिस्थितीप्रमाणे बदलते. जोडी मात्र लिफ्ट कशीही हलली तरी मोडत नाही. लिफ्टची दोरी तुटली, तर टेबलाचे आणि पुस्तकाचे परस्परांवरचे बल एकदमच शून्य होते.

प्रश्न : दोन ताणकाटे (स्प्रिंगच्या ताणावरून बल दाखवणारे काटे) एकमेकांत अडकवून दोघांनी १०-१० न्यूटनने ओढले. दोन्हींवर १०च दिसले. २० किंवा शून्य का नाही?

उत्तर : स्प्रिंग एका टोकाने कधीच ओढली जात नाही. काट्याला वजन टांगले तरी वरचा हात तिला तेवढ्याच बलाने धरून असतो. काटा एका टोकाचेच बल दाखवतो. म्हणून एक टोक भिंतीच्या खिळ्याला अडकवून १० न्यूटनने ओढले तरीही १०च दिसते.

प्रयोग करताना वाचने जुळत नसतील तर दोष बहुधा न्यूटनच्या नियमाचा नसतो. काटा उभा धरून शून्य लावलेला असतो, त्यात हुकाचे वजन धरलेले असते. आडवा केल्यावर दर्शक शून्याच्या किंचित मागे जातो. तेव्हा आडव्या स्थितीतच शून्य लावा. दोन्ही काटे एका रेषेत ठेवा, नाहीतर दांडी आतून घासते. मग काट्यांच्या जागा बदलून पाहा : फरक काट्यासोबत गेला तर तो काटाच चुकीचा.

प्रश्न : एकसमान वेगाने वर जाणाऱ्या लिफ्टमध्ये दोरीचे बल वजनापेक्षा जास्त हवे ना?

उत्तर : नाही, घर्षण सोडले तर अगदी समान. जास्त बल फक्त सुरुवातीला, वेग वाढेपर्यंत लागते. वर पोहोचताना तर ते वजनापेक्षा कमी असते, नाहीतर लिफ्ट थांबणारच नाही.