सिगार ह्युमिडॉरमध्ये पन्नीसकट ठेवावेत की पन्नी काढून?

तुम्ही लिहिलंय की मेहुण्यांनी दुबईहून लाकडी ह्युमिडॉर (सिगारांचा ओलावा टिकवणारी पेटी) आणि 20 सिगार आणून दिले, घर बाणेरला आहे, दुकानदार म्हणतो सेलोफेनची पन्नी काढा आणि मेहुणे म्हणतात अजिबात काढू नका. मी 11 वर्षं पुण्यातच सिगार सांभाळतोय. माझं मत मेहुण्यांच्या बाजूने आहे: पन्नी राहू द्या, निदान पहिलं वर्षभर तरी.

ही पन्नी म्हणजे साधं प्लॅस्टिक नव्हे. सेलोफेन लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून बनतं; स्विस रसायनशास्त्रज्ञ जाक ब्रांडेनबर्गर यांनी 1908 मध्ये ते शोधलं. पाण्याची वाफ त्यातून हळूहळू आरपार जाते, शिवाय पन्नीचं एक टोक नुसतं दुमडलेलं असतं. त्यामुळे आतल्या सिगारला ओलावा मिळतोच, फक्त सावकाश. आणि हा सावकाशपणा पुण्यात फार मोलाचा आहे. एप्रिलच्या दुपारी इथली हवा इतकी कोरडी असते की वाळत घातलेले कपडे तासाभरात कडक होतात. जुलैत तेच कपडे दोन दिवस दमट राहतात. झाकण उघडलं की ही हवा आत शिरते. उघड्या सिगारचं बाहेरचं पान अशा झटक्याने तडकतं किंवा फुगतं. पन्नीतल्याला तो झटका जाणवत नाही.

पण माझं मत पक्कं झालं ते किड्यामुळे. 2019 च्या मे महिन्यात कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये ह्युमिडॉर पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवला होता. आठवडाभर गावी जाऊन आलो, तर चार उघड्या सिगारांना टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं आणि तळाशी तपकिरी भुसा. दोन-तीन मिलिमीटरचा लालसर तपकिरी किडा होता. आईने बघताक्षणी ओळखलं, "अरे, हा तर हळकुंडातला!" तिचं बरोबर होतं. तंबाखूला लागणारा हा किडा हळद, धने, सुक्या मिरच्या यांनाही लागतो. अंडी पानातच आलेली असतात आणि तापमान 25 अंशांच्या वर राहिलं की ती फुटायला लागतात. पन्नीतला एकच सिगार पोखरला गेला होता आणि त्याचा भुसा पन्नीतच राहिला, शेजारी पसरला नाही. पन्नी म्हणजे तटबंदी नव्हे, किडा ती कुरतडू शकतो. पण लागण कुठे आहे हे कळतं आणि वेळ मिळतो. उरलेले सिगार मी घट्ट झिपच्या पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, मग चार दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवले आणि मगच बाहेर काढले. फ्रीझरमधून थेट बाहेर काढले तर पान तडकतं.

दुकानदारही चुकीचं बोलत नाही. ह्युमिडॉरला आतून जे स्पॅनिश सीडर लावतात (नावात सीडर असलं तरी हे झाड कडुलिंबाच्या कुळातलं, आपल्या तुणीच्या जवळचं), त्याचा वास उघड्या सिगारात लवकर मुरतो. शिवाय एकाच पेटीतले सिगार वर्षानुवर्षं एकत्र ठेवले की त्यांची चव एकमेकांत मिसळून छान गोलाई येते. क्यूबाचे हाताने वळलेले सिगार तर पेटीत बहुधा बिनपन्नीचेच येतात. पण तुमचे 20 सिगार वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. सौम्य आणि कडक शेजारी उघडे ठेवले तर सौम्याचा स्वतःचा स्वाद बुजतो. त्यातला व्हॅनिलाचा सिगार या पेटीत ठेवूच नका, पन्नीत असला तरी. त्याला वेगळा डबा द्या.

ॲल्युमिनियमच्या नळीतल्या दोन सिगारांचं गणित वेगळं. धातूतून वाफ जात नाही, म्हणून नळीचं झाकण सैल करून ठेवा. आत सीडरचा पातळ पापुद्रा असेल तर तो राहू द्या. सिगारभोवतीची कागदी पट्टीही आत्ता काढू नका. डिंक कधी पानाला चिकटलेला असतो आणि पान फाटतं. ओढताना उष्णतेने ती आपोआप सुटते. पन्नी पिवळसर दिसली तर घाबरू नका, तंबाखूतलं तेल वर्षानुवर्षं मुरून तो रंग येतो आणि जाणकारांना तो बघून आनंदच होतो.

पन्नीपेक्षा जास्त लक्ष आर्द्रतेकडे द्या. पुस्तकी आकडा 70 टक्के आहे, पण तो 18 ते 21 अंश तापमानासाठी. आपल्या घरात उन्हाळ्यात 30 अंश असतात, तिथे 70 वर बुरशीची भीती, म्हणून मी 65 ची, म्हणजे आतली आर्द्रता 65 टक्क्यांवर राखणारी, पाकिटं वापरतो. ह्युमिडॉरसोबत आलेल्या आर्द्रतामापक काट्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर भिजेल इतकेच पाण्याचे थेंब, आणि काट्यासकट ते बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी 75 दिसायला हवेत. कमी-जास्त दिसले तर तेवढा फरक लक्षात ठेवा. ओलावा देणारा स्पंज असेल तर त्याला नळाचं पाणी नको, क्षारांनी तो बुजतो; केमिस्टकडचं डिस्टिल्ड वॉटर घाला.

आत्ता मार्च संपतोय. नवं लाकूड कोरडं असतं, ते आधी सिगारांतलाच ओलावा ओढून घेईल. म्हणून पहिले दोन आठवडे रिकाम्या ह्युमिडॉरमध्ये 84 टक्क्यांची पाकिटं ठेवून झाकण लावून टाका. तोवर 20 सिगार पन्नीसकट हवाबंद डब्यात, 65 च्या एका पाकिटासोबत, आतल्या खोलीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहू देत.