केस गळतीवरची दोन्ही औषधं एकदम सुरू करू नकोस
अरे, मिनॉक्सिडिल (डोक्याला लावायचं) आणि फिनॅस्टेराइड (गोळी) एकाच दिवशी चालू केलंस आणि काही त्रास झाला तर कशामुळे झाला ते कळणारच नाही, म्हणून आधी डॉक्टरांना विचारून एक घे, दोनेक महिन्यांनी दुसरं. दोघांचं काम वेगळं आहे, फिनॅस्टेराइड १ मिग्रॅ डीएचटी (केस गळवणारं हार्मोन) कमी करून गळती थांबवतं, ५ टक्केवालं मिनॉक्सिडिल वाढीला ढकलतं, त्यामुळे जोडी चांगली जमते. सुरुवातीला केस जास्त गळू शकतात, घाबरून सोडू नकोस (मी सोडलेलं, गाढवपणा!). लैंगिक त्रास किंवा मन उदास वाटलं तर मात्र लगेच डॉक्टरांना सांग. आणि रोज आरसा बघू नकोस, दर महिन्याला एकाच उजेडात फोटो काढ, वर्षभराने बघू.